मायाळूची कांडी

१६ फेब्रुवारी २०२५, अमरावती

वेल उघडी करून टाकली आज मीच. जाड जाड कांड्या सगळ्या काढल्या. विळा थांबत होता हातातला — पण ठेवून तरी काय करू? पुढच्या आठवड्यात घरमालकाचं जेसीबी येणार. भिंत पडणार, आणि भिंतीवरची मायाळूही.

खानावळ दिवाळीतच बंद केली. गुडघ्यांनी हात टेकले. आता अकोल्याला, इंदूताईकडे. सख्खी मोठी बहीण. तिचे वकीलसाहेब गेल्यापासून ती एकटी, मी तर कधीचीच एकटी. रूपाली म्हणते, हैदराबादला ये आई. लेकीकडे चार दिवस बरे. पाचव्या दिवशी जावयाला आपला खोकला ऐकू यायला लागतो! ताईच फोनवर म्हणाली, "ये वं चंदे. दोघी मिळून खाऊ, दोघी मिळून भांडू." माझ्यासाठी पलंग टाकून ठेवलाय म्हणे.

मोठे टोप, परात, शेगडी सगळं शेजारच्या संध्याला दिलं. सोबत नेतेय ते कपडे, तेलाचे रिकामे पिपे आणि गोणपाटाच्या ओल्या चुंगडीत गुंडाळलेल्या कांड्या. मायाळूच्या वीतभर कापल्यात, एकेकीला कोंब फुटायचे तीन-चार डोळे, खालचा काप डोळ्याच्या जरा खाली आणि तिरपा. वरची दोन पानं ठेवून बाकीची खुडली. मुंगन्याची, म्हणजे शेवग्याची, एक फांदी घेतली, मनगटाएवढी. तिच्या वरच्या टोकाला शेणाचा गोळा थापलाय, म्हणजे वाळायची नाही. पानओवा नुसता मोडून पिशवीत टाकला. त्याचे काही लाड लागत नाहीत, कुठंही जगतो मेला.

मायाळू आईची. मोर्शीच्या घरची. माझ्या लग्नात ओटी भरताना तांदूळ, नारळ, हळकुंड आणि वर ही एक कांडी. आमच्याकडे रीतच ती, लेकीच्या ओटीत मायाळू घालायची. आई म्हणाली होती, "भाजीसाठी कोनापुढं हात पसरू नको." नाही पसरला. हे अचानक गेले तेव्हा पदरात रूपाली चार वर्षांची आणि मागच्या आंगणात ही वेल. खानावळीत पहिले सहा पोट्टे जेवायला आले ना, त्यांना वाढलेली पहिली भाजी हीच!

१८ फेब्रुवारी, अकोला

एस.टी.त चुंगडी मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, लेकरू हाये का त्यात?" म्हटलं, हाये, एक नाही, गंज लेकरं हायेत!

ताईनं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं नाही, चुंगडीकडे पाहिलं. "काहून वं, हे काय आनलं? बिऱ्हाड हाये का जंगल?" मग हसली. मग मिठी मारली. वाळलीये किती! खांद्याची हाडं लागली मला.

घर लख्ख. मागचं आंगण फरशी घातलेलं, मातीचा कण नाही. वकीलसाहेबांची हौस. ताई दिवसातून दोनदा पुसते ते. मी कांड्या पाण्याच्या बादलीत घालून न्हाणीपाशी सावलीला ठेवल्या. ताईला सांगितलं, "मुळं फुटली की पिप्यात लावतो. आईची मायाळू हाये." ती "बरं" म्हणाली आणि पोहे करायला आत गेली.

२० फेब्रुवारी

पलंग कुरकुरतो. ताई घोरते. तरी बरं वाटतंय.

२२ फेब्रुवारी

दुपारी दोघी मागच्या पायरीवर बसलो होतो, शेंगा फोडत. मोर्शीचं घर निघालं. नाही म्हटलं तरी तेच निघतं.

न्हाणीचं पाणी बाहेर जायचं त्या नालीच्या काठावर आईची वेल होती. खत नाही, काही नाही, साबणाच्या पाण्यावर अशी माजली होती! देठ लालबुंद, पानं जाड, बोटानं दाबली की चिकट. आणि ती जांभळी फळं — बाप्पा! ताईनं एकदा ती चुरडून माझे गाल रंगवले होते, ओठ रंगवले होते, ओढणी डोक्यावर टाकून नवरी केलं होतं मला. शेजारचा खुळा बाळू नवरदेव! संध्याकाळपर्यंत रंग निघेना. आईनं दोघींना बदडलं, मग स्वतःच तोंडाला पदर लावून हसत बसली. ताईला सगळं आठवत होतं. मी नवरी झाल्यावर रडायला लागले होते, हेही! मला तर वाटत होतं मी हसत होते.

ओटीतल्या कांडीचं निघालं. ताईचं लग्न माझ्याआधी पाच वर्षं. तिलाही दिली होती आईनं. पण ती वाळली, लागलीच नाही. माझी अशी फोफावली की अर्ध्या गल्लीला कांड्या वाटल्या. मग काय, आईला विषयच मिळाला. दिवाळीला सगळ्या जमलो की आई म्हणायची, "इंदीच्या हातालेच काही लागत नाही." आम्ही सगळे हसायचो. ताईही हसायची.

आज मी ते सहज बोलून गेले. ताई म्हणाली, "शेंगदाने खवट हायेत हे," आणि सूप घेऊन उठली. खवट नव्हते. मी खाल्ले.

२५ फेब्रुवारी

मुळं फुटली!! पांढरे दोरे, नखाएवढे. डोळ्यातून निघालेत सगळे. ताईला हाक मारून दाखवलं. ती वाकून बघत राहिली. बराच वेळ. मी म्हटलं, आता पिप्यांना भोकं पाडतो. ती म्हणाली, "फरशीवर डाग पडतीन."

पडले तर पुसू! माती आणायला हवी. नुसती काळी माती पिप्यात दगडासारखी बसते, वाळू आणि शेणखत मिसळावं लागेल. उद्या महाशिवरात्र, उपवास. परवा लावते.

२७ फेब्रुवारी

लिहू की नको.

सकाळी ताईला म्हटलं, मी नर्सरीतून माती घेऊन येतो, तू उपवास सोडायचं बघ. रिक्षा मिळेना, ऊन आत्तापासूनच टाळू भाजतंय. आले तेव्हा ताट वाढलेलं. ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा आणि पातळभाजी. चण्याची डाळ, शेंगदाणे, बेसन लावलेली, वरून लसणाची लाल फोडणी. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं. आईच्या हातची चव! तीच, अगदी तीच. मी म्हटलंही, "ताई, आई आली वं घरात!" दोन वाट्या घेतल्या. तिसरी घेणार होते. ताई खाली मान घालून जेवत होती. मला वाटलं तिलाही आईची आठवण आली.

हात धुवायला न्हाणीकडे गेले. बादली रिकामी.

आधी कळेचना. मग केराच्या डब्यात पाहिलं तर ती पांढरी मुळं. बारीक कापून टाकलेली. पानं, देठ, कांड्या सगळं चिरून शिजवलं होतं. आणि मी दोन वाट्या खाल्ल्या!

ओरडले. गल्लीत ऐकू गेलं असेल. "ताई, ते लावाले ठेवलं होतं वं! सांगितलं होतं ना तुले!" ती भांडी घासत राहिली. एवढंच म्हणाली, "भाजी होती, केली."

भाजी होती! डोकं ठिकाणावर आहे का हिचं? सत्तरी आली म्हणून इतकं? मला धड रडताही येत नाहीये. पोटात आईची वेल आहे.

२८ फेब्रुवारी

ताई दोनदा म्हणाली चहा घे. घेतला नाही.

१ मार्च

अमरावतीला संध्याला फोन लावला. म्हटलं, भिंतीच्या बुडाशी खुंट राहिला असेल, जरा बघ. ती म्हणाली, "मावशी, खुंट कुठला? भिंतच नाही आता. परवाच सपाट केलं सगळं, गिट्टी पडली त्याच्यावर."

मोर्शीचं घर आमच्या दादानं कधीच विकलं, तिथं आता दुकानांची लाईन आहे. म्हणजे संपलं. आईचं म्हणून जे काही जिवंत होतं माझ्याजवळ ते संपलं. एक साडी आहे तिची, पण साडीला पालवी फुटत नाही.

संध्यानं फोनवर आणखी एक सांगितलं. तिची वरची खोली रिकामी आहे. "या ना मावशी, तुमच्यासाठी कोन भाडं मागते!" बघू म्हटलं.

खरं तर बघायचं काय आहे? इथं रोज त्या न्हाणीपाशी तोंड धुवायचं आणि ती बादली बघायची. मी नाही राहत.

२ मार्च

सुचलं! मी अर्ध्या अमरावतीला कांड्या दिल्यात. पोट्टे गावाला जाताना घेऊन जायचे, लग्न झालं की बायकोसाठी मागायला यायचे. कोणाकडे तरी असेलच की! मीही भैताडच, आधी सुचलं नाही.

४ मार्च, अमरावती

पाय मोडले आज.

पहिला नितेश. सात वर्षं जेवला माझ्याकडे, आता औषधांचं दुकान आहे. "मावशी!" करून काउंटरच्या बाहेर आला, पाया पडला, कोल्ड्रिंक पाजलं. वेल? त्याची बायको म्हणाली, "ती चिकट चिकट? मुलं खात नव्हती, काढून टाकली." बरं बाई.

दुसरीकडे फ्लॅटला कुलूप. तिसरीकडे वेल होती, पण बाजारातल्या बियांची, हिरव्या देठाची. ती आईची नव्हे. चौथा ललित, त्याच्या घरी गेले तर त्याच्या आईनं तासभर सुनेच्या कागाळ्या सांगितल्या आणि वेल कुठली ते तिला आठवेना.

पाय ओढत शेवटी गोपालकडे. हा चिखलदऱ्याचा पोरगा. आला तेव्हा इतका लाजरा की पोळी पाहिजे हे सांगायलाही मान हलवायचा. आता शाळेत सर आहे, तिसऱ्या मजल्यावर राहतो. दार बायकोनं उघडलं. मी नाव सांगितलं तर ती बघतच राहिली. "तुम्ही चंदामावशी? अहो, मी तर ते भाजीचंच नाव समजत होते!"

मला काही उमगेना. तिनं हाताला धरून गॅलरीत नेलं. थर्माकोलच्या खोक्यात, दोरीवर चढवलेली, लाल देठाची. आईची! हे पान मी कुठंही ओळखीन. ती म्हणाली, "हे रोज विचारतात, आज चंदामावशी करतेस का? पोरंही तेच म्हणतात."

मी तिथंच खाली बसले आणि रडले. गोपाल शाळेतून आला, तोही रडायला लागला, मोठा सर! म्हणतो, "मावशी, पहिल्या वर्षी घरची आठवण येऊन मी रात्री पळून जाणार होतो. तुम्ही त्या दिवशी ह्याची गरम भजी केली होती. दुसऱ्या दिवशी परत करीन म्हणाल्या, म्हणून थांबलो." मला काही आठवत नाही! एवढे पोट्टे, एवढी भजी. पण त्याला आठवतंय.

त्यानं हातानं कापून दिल्या कांड्या. तिरप्या, डोळ्याच्या खाली. मीच शिकवलं असणार.

संध्याची खोली पाहिली. खिडकी पूर्वेला, गच्चीवर पिपे ठेवायला जागा. पुढच्या आठवड्यात येते म्हटलं. अकोल्याला आता फक्त सामान आणायला जायचं.

७ मार्च, अकोला

आले. ताईनं चुंगडी पाहिली आणि दारातच थांबली. चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, "घाबरू नको, तुह्या घरी नाही लावत. अमरावतीला खोली घेतली."

मी कपडे घडी करायला लागले. मग ताई मागून म्हणाली, "मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"ते लावाले ठेवलं हाये म्हून. चिरताना बी माहीत होतं."

मी हातातलं पातळ तसंच टाकलं. इतके दिवस स्वतःची समजूत घालत होते, की वय झालं, विसरली असेल, भाजी वाटली असेल. आणि ही सांगते माहीत होतं! "मग काहून केलं वं? काय वाकडं केलं होतं मी तुहं?"

ताई देवघरात जाऊन बसली. दिवा लावायची वेळही नव्हती.

८ मार्च

सामान बांधून झालं. मुंगन्याची फांदी मी रागाच्या भरात विसरूनच गेले होते. पिप्यात तशीच कोपऱ्यात होती. तिला हिरवे कोंब आलेत. मी नसताना कोणी तरी पाणी घातलंय. घरात दुसरं आहे कोण?

जेवताना ताईनं माझ्या ताटात तूप जास्त वाढलं. लहानपणी भांडण झालं की असंच करायची. बोलायची नाही, तुपाची धार सोडायची. उद्या दुपारची गाडी.

९ मार्च

सकाळी पिशव्या दाराशी ठेवल्या तेव्हा ताई न्हाणीच्या पायरीवर जाऊन बसली. माझ्याकडे पाठ करून बोलायला लागली. इतकं हळू की मला जवळ जावं लागलं.

तिची कांडी वाळली नव्हती. ओटीतून आणली, बादलीत ठेवली, मुळं फुटली होती. त्या दिवशी पाहुणे होते जेवायला. सासूनं बादली पाहिली, म्हणाली, सुनेनं माहेरची भाजी आणली वाटते, टाका पालकाच्या पातळभाजीत. पंगती बसल्या, सगळे जेवले. "मी बी जेवली, चंदे. दोन डाव मागून घेतली. मंग न्हानीत गेली तं बादली रिकामी."

मी भिंतीला हात लावून उभी राहिले.

"आईले काय सांगू? तुह्या विहिनीनं शिजवली? बाबा भांडाले आले असते. म्हून म्हनलं वाळली. मंग आईनं ते धरलं, इंदीच्या हाताले लागत नाही. तुमी हासत होते, मी बी हासत होती. पुढं लेकरू नाही झालं तं आई एक शब्द बोलली नाही. पन मले तेच आयकू येत होतं. आजही येते."

तिच्या सासूनं मुद्दाम केलं की भाजी समजून, ते ताईला पन्नास वर्षांत कळलेलं नाही. वकीलसाहेबांनाही तिनं कधी सांगितलं नाही.

"त्या दिवशी तुह्या बादलीत ते पांढरे मुळं पाह्यले न् विळी घेऊन बसली मी. काहून बसली, मले नाही सांगता येत वं. चिरत गेली. मंग तू जेवताना म्हनली, आई आली घरात..."

मी तिच्या शेजारी बसले. मी हसणाऱ्यांतली. दरवर्षी, दर दिवाळीला, सगळ्यांत मोठ्यानं मीच हसत होते. तिचा हात हातात घेतला. सगळ्या शिरा वर आलेल्या. दुपारची गाडी गेली असेल.

१० मार्च

ताईची ओटी भरली. "अवं येडे, आपल्यासारख्यायची भरत नाहीत!" म्हणाली. म्हटलं, भरणारी तरी कुठं सवाशीण आहे! तांदूळ होते, नारळ नव्हता, गुळाचा खडा घेतला. वर गोपालनं दिलेल्या सगळ्या कांड्या. तिनं पदर पसरला. दूधवाला दारात तसाच उभा, त्याला काय करावं कळेना.

मग तिनंच माती कालवली, तिनंच लावल्या. मला हात लावू दिला नाही. फक्त सारखी विचारत होती, "चंदे, डोळा वर ना?"

संध्याला फोन केला. खोली दुसऱ्या कोणाला दे म्हटलं.